ज्यूसमधले क जीवनसत्त्व : घरच्या घरी पडताळा

आपल्यापैकी बहुतेकांच्या फ्रिजमध्ये ज्यूसचा निदान एक कार्टन असतोच. मुलांना सकाळी दूध नको असते, फळ चावून खायला वेळ नसतो आणि 'ज्यूस म्हणजे फळच की' अशी आपण स्वतःची समजूत घालून घेतलेली असते. त्यात कार्टनवर ठळक अक्षरांत 'व्हिटॅमिन सी' छापलेले असले की आणखी बरे वाटते आणि त्यापायी थोडे पैसे जास्त द्यायलाही आपण मागेपुढे पाहत नाही. पण त्या कार्टनमध्ये क जीवनसत्त्व खरोखर किती आहे हे पाहायचे ठरवले तर? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लॉवर, केमिस्टकडचे आयोडीन आणि थेंब मोजण्याचा धीर एवढे पुरते.

हा साधा प्रयोग कुठवर पोहोचू शकतो, याची एक खरी हकीकत आहे. २००४ साली न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या पाकुरांगा कॉलेजमध्ये शिकणाऱ्या १४ वर्षांच्या दोन मुलींनी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी वेगवेगळ्या पेयांतील क जीवनसत्त्व मोजले. त्यात रिबेना हे ब्लॅककरंटचे तयार पेयही होते. 'रिबेनातील ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी असते' अशी त्याची जाहिरात होती, म्हणून हे पेय पहिले येणार असा मुलींचा अंदाज. प्रत्यक्षात त्यात जवळजवळ काहीच सापडेना. आपलेच काही चुकले असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजले, उत्तर तेच आले. कंपनीकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पुढे ग्राहकांच्या तक्रारी मांडणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमामार्फत प्रकरण तिथल्या कॉमर्स कमिशनकडे गेले. मार्च २००७ मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने, म्हणजे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने, ऑकलंडच्या न्यायालयात १५ आरोप मान्य केले आणि तिला २,१७,५०० न्यूझीलंड डॉलर दंड झाला.

यात गंमत अशी की जाहिरातीतले वाक्य शब्दशः खोटे नव्हते. ताज्या ब्लॅककरंटमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १८० मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व असते आणि संत्र्यात सुमारे ५०. म्हणजे फळाला फळ लावले तर चौपटीच्या जवळपास जातेच. पण बाटलीत फळ नसते. फळाचा थोडासा अर्क, भरपूर पाणी आणि साखर असते, आणि तो अर्क तापवलेला व महिनोन् महिने साठवलेला असतो. फळात आहे म्हणून बाटलीत आहे असे होत नाही, आणि नेमकी हीच फट जाहिरात करणाऱ्यांना सोयीची असते. आपण सुशिक्षित, हिशोबी माणसे. टेलिफोनचे बिल ओळ न् ओळ तपासतो. ज्यूसच्या डब्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो.

रंग का उडतो?

क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, हे इलेक्ट्रॉन देऊन टाकायला सदैव तयार असलेले द्रव्य आहे. शरीरात त्याचे बरेचसे काम या दातृत्वावरच चालते आणि प्रयोगात आपण त्याचाच फायदा घेतो. आयोडीन आणि पिष्ट एकत्र आले की गडद निळा-काळा रंग येतो, हे आपण शाळेत बटाट्याच्या फोडीवर पाहिलेले आहे. या निळ्या पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब पडू लागले की ते आयोडीनला इलेक्ट्रॉन देते, आयोडीनचे आयोडाइड होते आणि आयोडाइडची पिष्टाशी ती रंगीत जोडी जमत नाही. सगळे आयोडीन संपले की पाणी पांढुरके होते. जितक्या कमी थेंबांत रंग उडाला तितके त्या रसात जीवनसत्त्व जास्त. हे उलटे प्रमाण मुलांना पहिल्यांदा नीट समजावून सांगावे लागते, कारण 'जास्त थेंब म्हणजे जास्त व्हिटॅमिन' असा त्यांचा सहज समज होतो.

शाळांच्या प्रयोगशाळेत बहुधा आयोडीनऐवजी डीसीपीआयपी नावाचे निळे द्रव्य वापरतात. तेही क जीवनसत्त्वाने रंगहीन होते. त्यात एक फसवणूक असते : आम्लात ते निळ्याचे गुलाबी होते, आणि रस तर आंबट असतातच. त्यामुळे निळा रंग गेला म्हणजे झाले असे नाही, गुलाबीसुद्धा जायला हवा. आपली मुले शाळेतून 'आमचे उत्तर जमले नाही' म्हणत आली तर आधी हा प्रश्न विचारून पाहावा. घरी मात्र आयोडीनच बरे. स्वस्त आहे आणि रंगबदल ठसठशीत दिसतो.

प्रत्यक्ष कृती

एक चमचा कॉर्नफ्लॉवर थोड्या थंड पाण्यात कालवून ते कपभर उकळत्या पाण्यात घालावे, ढवळत मिनिटभर उकळावे आणि पूर्ण गार होऊ द्यावे. गरम पिष्टात आयोडीनचा रंग नीट येत नाही. या खळीतला एक चमचा १५० मि.ली. पाण्यात मिसळावा आणि त्यात १ मि.ली., म्हणजे साधारण वीस थेंब, पोव्हिडोन आयोडीन घालावे. केमिस्टकडून घेताना साधे द्रावण मागावे, फेस येणारा हात धुण्याचा प्रकार नको. ढवळले की शाईसारखे गडद पाणी तयार होते. हा आपला दर्शक.

आता तुलनेसाठी माप हवे. १००० मि.ग्रॅ. व्हिटॅमिन सीची पाण्यात फसफसणारी गोळी सगळीकडे मिळते. ती एक लिटर पाण्यात विरघळवली की दर मिलिलिटरला १ मि.ग्रॅ. असे द्रावण मिळते. हे त्याच दिवशी वापरावे, कारण पाण्यात विरघळलेले क जीवनसत्त्व हवेने हळूहळू नष्ट होत राहते.

पांढऱ्या कागदावर छोटे काचेचे ग्लास मांडून प्रत्येकात १० मि.ली. दर्शक घ्यावा. मुलांना ताप आल्यावर औषध द्यायची जी प्लॅस्टिकची सिरिंज प्रत्येक घरात पडलेली असते ती मापाला उत्तम. थेंबांसाठी शेवटपर्यंत एकच ड्रॉपर वापरावा, कारण ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो; दर वेळी तो धुऊन घ्यावा एवढेच. पहिल्या ग्लासात गोळीच्या द्रावणाचे थेंब मोजत टाकावेत, प्रत्येक थेंबानंतर ग्लास हलवावा आणि निळेपणा पूर्ण जाईपर्यंतचा आकडा लिहून ठेवावा. वरच्या प्रमाणात तो दहाच्या आसपास यायला हवा. मग प्रत्येक रसासाठी हेच करावे. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी घ्यावी. एकदाच मोजून निष्कर्ष काढणे हे उतावळेपणाचे आहे.

हिशोब त्रैराशिकाचा, तोही व्यस्त. गोळीच्या द्रावणाला १० थेंब लागले आणि संत्र्याच्या रसाला २५, तर रसाच्या एका मिलिलिटरमध्ये १० भागिले २५, म्हणजे ०.४ मि.ग्रॅ. झाले. १०० मि.ली.ला ४० मि.ग्रॅ. शंभर थेंब टाकूनही रंग जात नसेल तर १०० मि.ली.मध्ये १० मि.ग्रॅ.पेक्षा कमी आहे असे समजून थांबावे. त्यापुढे नुसते पाणी वाढल्यानेही रंग फिका दिसू लागतो.

एक ग्लास व्हिनेगरसाठी किंवा स्वयंपाकातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यासाठी जरूर राखून ठेवावा. कितीही आंबट असले तरी रंग उडत नाही! आंबट म्हणजे व्हिटॅमिन सी, हा घराघरांतला समज तिथल्या तिथे निकालात निघतो. चिंच एवढी आंबट, पण तिच्यात क जीवनसत्त्व नाममात्र. आणि गोड पेरूत १०० ग्रॅमला २०० मि.ग्रॅ.च्या आसपास.

वापरलेले ग्लास प्यायच्या भांड्यांत मिसळू नयेत, उरलेला दर्शक सिंकमध्ये भरपूर पाण्याबरोबर सोडून द्यावा आणि लहान मुले असतील तर आयोडीनची बाटली मोठ्यांनीच हाताळावी. ओट्यावर डाग पडलाच तर घाबरू नये. गोळीचे उरलेले पाणी त्यावर शिंपडले की डाग जातो. कारण वर सांगितलेच आहे.

काय दिसेल, आणि काय दिसणार नाही

ताज्या पिळलेल्या संत्र्याच्या रसात १०० मि.ली.ला साधारण ५० मि.ग्रॅ. असते, कार्टनमधल्या रसात ३० ते ४०च्या दरम्यान. लिंबाचा आणि ग्रेपफ्रूटचा रस याच्या थोडा खाली, ४०च्या आत-बाहेर. अननसाचा रस १०च्या आसपास. सफरचंद आणि द्राक्षे यांच्या रसात वरून काही घातलेले नसेल तर १०० मि.ली.ला एखादा मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या प्रयोगात शून्यच. तुमच्या सफरचंदाच्या रसाने झटकन रंग उडवला तर कार्टनवरची घटकांची यादी पाहा, तिथे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड लिहिलेले सापडेल. ते वाईट नाही, जीवनसत्त्व म्हणून फळातल्याइतकेच चांगले आहे. पण एका ग्लासात घालायला ते कारखान्याला एका पेनीचा अंशही पडत नाही, हे त्याच्या नावावर जास्त किंमत मोजताना ध्यानात असावे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आयोडीन असो की डीसीपीआयपी, ते क जीवनसत्त्वाला ओळखत नाही. इलेक्ट्रॉन देणारा कोणीही त्याला चालतो. बाटलीतल्या लिंबाच्या रसात आणि काही सरबतांत टिकाऊपणासाठी सल्फाइट असते, यादीत ई २२०पासून २२८पर्यंतचे क्रमांक पाहावेत. सल्फाइटही रंग उडवते आणि रिकामा रस श्रीमंत दिसतो. आवळ्याच्या रसाचेही थोडे तसेच. आवळ्यात क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला काही शे मिलिग्रॅम असते हे खरे, पण त्यातली तुरट द्रव्येही दर्शकावर परिणाम करतात. म्हणून वेम्बली किंवा लेस्टरच्या दुकानातून आणलेल्या आवळ्याच्या रसाचा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. उलट बाजूने, क जीवनसत्त्वाचा काही भाग हवेने बदलून डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड झालेला असतो. शरीर तो वापरू शकते, पण आपला दर्शक त्याला मोजत नाही. डाळिंब, ब्लॅककरंट, काळी द्राक्षे यांचा मूळ रंगच इतका गडद की शेवट ओळखता येत नाही. त्यांत नऊपट पाणी घालून पाहावे आणि उत्तर दहाने गुणावे. थोडक्यात, घरच्या प्रयोगाने कोणत्या रसात भरपूर, कोणत्यात मध्यम आणि कोणत्यात काहीच नाही हे नक्की कळते. ३६ की ३९ या वादात त्याला साक्षीला बोलावू नये.

याहून मनोरंजक प्रयोग म्हणजे एकाच कार्टनची रोजनिशी. उघडल्या दिवशी, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी त्याच रसाचे थेंब मोजायचे. त्यातलाच एक ग्लास मुद्दाम ओट्यावर उघडा ठेवायचा आणि थोडा रस उकळून पाहायचा. हवा, उष्णता, प्रकाश हे या जीवनसत्त्वाचे शत्रू. तांब्याचा अंशसुद्धा ऱ्हासाचा वेग वाढवतो, त्यामुळे लिंबाचे सरबत तांब्याच्या भांड्यात करून ठेवणे कधीही वाईटच. अर्ध्या टर्मच्या सुट्टीत घरात बसून कंटाळलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना हे काम द्यावे. आलेख काढायला लावावा. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर थेंब मोजायला त्यांनाही बसवावे, वेळ छान जातो.

गरज किती?

आता कळीचा मुद्दा. एनएचएसच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला ४० मि.ग्रॅ. पुरतात. डब्यावरची टक्केवारी मात्र ८० मि.ग्रॅ. या संदर्भमूल्यावर काढलेली असते. १५० मि.ली. संत्र्याच्या रसातून ६० मि.ग्रॅ. मिळाले तर डबा ७५ टक्के सांगेल, पण एनएचएसच्या हिशोबाने ती दीडपट गरज झाली. टक्केवारी पाहून 'उरलेले २५ टक्के कुठून आणू' म्हणून गोळी शोधायचे कारण नाही. ४०हा आकडा हवेतून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ सालापासून, शेफिल्डमध्ये हान्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांना महिनोन् महिने क जीवनसत्त्वाशिवाय ठेवले. स्कर्व्हीची लक्षणे उमटली आणि दिवसाला केवळ १० मि.ग्रॅ. देताच ती बरी होऊ लागली. चाळीसमध्ये बरीच सुरक्षित शिल्लक धरलेली आहे.

ही ४०ची गरज आपल्या घरात सहज भागते. अर्धा पेरू, अर्धी लाल ढोबळी मिरची कच्ची, एक संत्रे, यांपैकी काहीही एक पुरे. ज्यूसमधून ती भागवायची तर सोबत साखर येते, १५० मि.ली. संत्र्याच्या रसात साधारण १२ ग्रॅम, आणि फळातला चोथा नाही. म्हणून एनएचएस रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मि.ली.च धरायला सांगते आणि कितीही प्यायले तरी पाच भाज्या-फळांपैकी ती एकच वाटणी मोजते. आपल्या मुलांचे ग्लास यापेक्षा बरेच मोठे असतात. एकदा मापाने १५० मि.ली. ओतून पाहा, घरात कुरबूर होईल. आपल्या समाजात मधुमेह किती आहे हे वेगळे सांगायला नको, आणि 'नॅचरल' साखरही रक्तात साखरच.

पैशाचा हिशोबही करू. समजा एक लिटर संत्र्याचा रस २ पौंडांना आहे आणि तुमच्या थेंबांनी १०० मि.ली.ला ४० मि.ग्रॅ. सांगितले. लिटरमध्ये ४०० मि.ग्रॅ. म्हणजे पौंडाला २००. शेजारचे 'ज्यूस ड्रिंक' १ पौंडाला लिटर आणि त्यात १०० मि.ली.ला १२ मि.ग्रॅ. आहेत. म्हणजे पौंडाला १२०. निम्म्या किमतीचे पेय प्रत्यक्षात महाग पडले, आणि वर पाणी विकत घेतले. इथल्या नियमात 'फ्रूट ज्यूस' म्हणजे निव्वळ रस, साखर न घातलेला. 'नेक्टर'मध्ये पाणी व साखर चालते पण फळाचे किमान प्रमाण ठरलेले असते. 'ज्यूस ड्रिंक'ला असे किमान प्रमाणच नाही. डब्यावरचे चित्र तिन्हींवर सारखेच रसरशीत. 'व्हिटॅमिन सीचा स्रोत' असे लिहायला पेयात १०० मि.ली.ला ६ मि.ग्रॅ. असले तरी भागते, 'भरपूर' म्हणायला १२. आपला प्रयोग यातली वरची पायरी ओळखायला पुरेसा आहे. आणि फक्त क जीवनसत्त्वच हवे असेल तर फसफसणाऱ्या गोळ्यांची वीस गोळ्यांची नळी पौंडाला हजारो मिलिग्रॅम देते. ज्यूस चवीसाठी प्यावा, औषध म्हणून नव्हे.

माझ्या मते आपल्याकडे क जीवनसत्त्वाचा सर्वांत शहाणपणाचा उपयोग पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा आहे. धान्य, कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. शाकाहारी स्त्रिया आणि वयात येणाऱ्या मुली यांच्या दृष्टीने ही लहानसहान गोष्ट नाही. पण लिंबू वरून, आच बंद केल्यावर पिळावे, आणि पोह्यांबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा. चहातली द्रव्ये लोह अडवतात आणि लिंबाचा निम्मा फायदा कपात बुडतो. (हे वाचून कोणी चहा सोडेल अशी आशा नाही.)

सर्दीसाठी गोळ्यांचे काय, असे दर हिवाळ्यात विचारले जाते. नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांनी १९७० साली पुस्तक लिहून मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला तेव्हापासून ही श्रद्धा चालत आली आहे. त्यानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा असे दिसले की रोज गोळी घेतल्याने सामान्य माणसाला सर्दी होणे टळत नाही. झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते, मोठ्यांत सुमारे ८ टक्क्यांनी. सात दिवसांची सर्दी अर्धा दिवस आधी संपली, एवढेच. दिवसाला १००० मि.ग्रॅ.च्या वर गेल्यास पोटदुखी, गॅस, जुलाब होऊ शकतात, आणि ज्यांना मूतखडे होतात त्यांनी तर मोठ्या मात्रेपासून दूरच राहावे.

शेवटी दोन गोष्टी औषधांच्या. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूटचा रस टाळावा, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी तो भरपूर पिऊ नये. त्याने औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबाबतही हेच आहे, तेव्हा फार्मसिस्टला विचारावे. दुसरी गोष्ट मधुमेही वाचकांसाठी. आपल्या प्रयोगात आयोडीनला फसवणारे क जीवनसत्त्व साखर मोजणाऱ्या यंत्रांनाही फसवू शकते. मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. साधे संत्रे-लिंबू खाण्याने असे होत नाही, प्रश्न गोळ्यांचा आहे. आपल्या यंत्राच्या सूचनापत्रकात व्हिटॅमिन सीची मर्यादा मिलिग्रॅममध्ये दिलेली असते ती पाहून घ्यावी, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी मधुमेहाच्या नर्सला ही गोळी आपण घेतो हे आवर्जून सांगावे. आपण ती औषधात धरत नसल्यामुळे बहुतेकदा सांगायचे राहूनच जाते.